मरळीच्या ओढ्याला तिसरा वर्ग

बी.एस्सी. झाल्यावर मला परळच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. काम ओढे पाहण्याचं. एकेक ओढा उगमापासून खाडीपर्यंत चालत जायचा, पाणी, तळ, काठची झाडं, मासे टिपायचे आणि त्याला वर्ग द्यायचा. पहिला वर्ग म्हणजे इथं मासे वाढतात, हात लावायचा नाही. दुसरा म्हणजे बिघडलाय, पण सुधारेल. तिसरा म्हणजे संपला. कुणीही काहीही सोडा. ठाकूरद्वारच्या आमच्या घरात सगळे पुरुष कचेऱ्यांत लेखणी चालवणारे. आई म्हणाली, "गटारं बघत फिरायला एवढा शिकलास होय रे?"

माझ्याबरोबर एक पन्नाशीचे कोळी होते. पूर्वी होडीवर तांडेल होते, म्हणून कचेरीतही सगळे त्यांना तांडेलच म्हणत. पाण्याचं खरं ज्ञान त्यांना, वही मात्र माझ्या हातात.

माटुंग्याच्या पलीकडे, टेकडीतून उतरून खाडीला मिळणारा एक ओढा आमच्या वाट्याला आला. आम्ही खालून सुरुवात केली. एका रंगाच्या कारखान्याचं पाणी तिथं पडत होतं. सकाळी ओढा जांभळा होता, दुपारी हिरवट पिवळा. फेस काठाच्या गवताला चिकटून वाळला होता, त्यात पोट फुगलेले मेलेले चिवणी मासे उताणे अडकलेले. नमुना घ्यायला बाटली बुडवली आणि त्या वासानं मी तिथंच ओकलो. तांडेल पाठीवर हात ठेवून उभे राहिले. घरी येऊन तीनदा साबण लावला, तरी ताटावर बसल्यावर बोटांना तोच वास. आईनं वाढलेल्या कालवणाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वरच्या अंगाला ओढ्यातून चढलो, तर पाणी एकदम काचेसारखं. तांडेलांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. गुडघाभर पाण्यात केशरी पिल्लांचा एक गोळा हलत होता, मुठीएवढा, आणि त्याच्याखाली काळी लांब मरळ.

"आय हाय ती," ते कुजबुजले. "बाप पन असंल हितंच. आता हात घाल, चावंल तुला."

कारखाना येण्याआधी खालपर्यंत सगळा ओढा असाच होता, असं ते म्हणाले. मी वहीत लिहिलं, वरचा भाग पहिला वर्ग. खालचा दुसरा, कारखान्याचं पाणी थांबवल्यास सुधारेल.

मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या चळवळीचे ते दिवस, आणि आमचे साहेब तिच्यात फार जोरात होते. शिवाजी पार्कवर सभा असली की दुपारीच टेबल आवरत. छातीवर बिल्ला लावून कचेरीत सगळ्यांना ऐकवत, मुंबईची मूठभर माती कुणाला देणार नाही. मलाही ते खरंच आवडत. सभांना मी त्यांच्या मागेच उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो होतो.

माझा अहवाल त्यांनी चहात बिस्किट बुडवत वाचला.

"ओढा कुठाय इथं? नाला म्हण. सगळा तिसरा वर्ग."

"साहेब, वर मरळीची पिल्लं आहेत. आम्ही दोघांनी पाहिली."

"तो कारखाना वाढणार आहे. वरची जागा त्यांना हवीय. माणसं ओळखीची आहेत." भिजलेलं बिस्किट कपात पडलं, ते त्यांनी बोटांनी काढून तोंडात टाकलं. "अरे, राज्य कुणाचं होणार ते अजून ठरायचंय, आणि तू मासे काय घेऊन बसलास? सही कर."

खिडकीतून रस्त्यावरच्या घोषणा येत होत्या. साहेबांनी बोटं चाटता चाटता मान डोलावून त्यांना साथ दिली. मला वाटलं, अहवाल फाडावा, ओढ्याच्या काठी ओकलो तसं टेबलावर ओकावं. पण नोकरी लागून सहा महिनेही झाले नव्हते. मी 'ओढा' खोडून 'नाला' लिहिलं, दोन्ही भागांना तिसरा वर्ग दिला आणि सही केली.

तांडेल जिन्यात थांबले होते.

"काय झाला?"

मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तू तर बघितलंवतंस," आणि खाली उतरून गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी साहेबांनी कचेरीत पेढे वाटले. मीही घेतला. आनंद खोटा नव्हता, पण पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. त्याच आठवड्यात मी एकटाच त्या टेकडीवर गेलो. पिल्लं दिसली होती तिथं मुरूम टाकून जमीन सपाट केली होती. एका बाजूनं नळ काढला होता, त्यातून कोमट, साबणासारखं बुळबुळीत पाणी येत होतं. मी त्यात हात घातला, वास घेतला आणि हात पँटला पुसत परत फिरलो.

पुढं बारा वर्षं मी त्याच कचेरीत काढली. आणखी पुष्कळ ओढ्यांचे अहवाल माझ्या सहीनं गेले. त्यातले काही खरे होते.