सदतीस झाडांचा बहर

झ्द्राव्का लाझोवा निवृत्त झाली त्या आठवड्यात तिनं घरातल्या खिडक्या दोनदा पुसल्या, शेजारी माझ्या अंगणातले गुलाब मला न विचारता छाटले आणि नवऱ्याचे जुने बूट फेकून दिले. मेतोदी ते बूट शोधत माझ्या दारात आला.

"हिला कुठेतरी गुंतव बाई," तो म्हणाला, "नाहीतर उद्या मला धुऊन दोरीवर वाळत घालेल."

तीस वर्षं ती बल्गेरियातल्या क्युस्तेंदिल शहरात रुग्णवाहिकेवर परिचारिका होती. स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मी तिला आमच्या गावच्या संस्कृतीघरातल्या, म्हणजे वाचनालय आणि कलावर्ग चालतात त्या इमारतीतल्या, मंगळवारच्या जलरंगाच्या वर्गाला घेऊन गेले. शिकवायला गाव्रिल मास्तर होते, ऐंशीला टेकलेले, शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेले.

पहिला धडा वसंतातल्या माळाचा होता. आकाशाचा ओला निळा वाळल्याशिवाय डोंगराला हात लावायचा नाही, असं मास्तरांनी बजावलं.

"वाळायला किती वेळ?"

"वाळेपर्यंत."

ती दोन मिनिटं कशीबशी थांबली, मग फुंकर मारू लागली. पुढच्या मंगळवारी तिनं घरून केस वाळवायचं यंत्र आणलं. निळा, हिरवा, पिवळा एकमेकांत घुसले आणि माळाचा चिखल झाला.

"झ्द्राव्काबाई, इथे कुणी मरत नाहीये. थांबा जरा."

"थांबलं की मरतात, मास्तर. तीस वर्षं तेच पाहिलंय."

फुलांचं तर आणखी कठीण. पांढरं फूल रंगवायचंच नाही, भोवतालचं रंगवायचं आणि फुलाच्या जागी कोरा कागद सोडायचा, असं मास्तर सांगत. तिला कोरं काही बघवत नसे. ती पांढरा रंग थापायची आणि झाड चुन्यानं सारवल्यासारखं दिसायचं.

मार्चमध्ये एके दिवशी जेवताना मेतोदीनं सांगितलं की यंदाचं फळ उतरलं की चेरीची बाग तोडायची. झाडं म्हातारी झाली होती, बुंधे पोखरले होते, फळ वाटाण्याएवढं येत होतं. सदतीस झाडं. निम्मी त्याच्या वडिलांनी लावलेली, निम्मी या दोघांनी लग्नाच्या वर्षी.  झ्द्राव्का ताट तसंच टाकून बाहेर गेली.

मंगळवारी तिनं मास्तरांना विचारलं, "एक झाड धड काढायला मला किती दिवस लागतील?"

"तुम्हाला? दोन वर्षं."

"बहर दहा दिवस टिकतो," ती म्हणाली.

एप्रिलच्या मध्याला बाग पांढरी झाली. पहिल्या दिवशी ती एकाच झाडासमोर संध्याकाळपर्यंत बसली आणि कागद फाडून आली. दुसऱ्या दिवशी दोन फाडले. मी पाव आणि चीज घेऊन गेले तर तिनं त्याला हातही लावला नाही. बोटांनी गवत उपटत बसलेली.

तिसऱ्या दिवशी गेले तर ती धावत होती! फळांच्या खोक्यांच्या फळ्यांवर कागद चिकटवून तिनं सहा झाडांखाली सहा फळ्या मांडल्या होत्या. पहिल्यावर आकाश ओतायचं, दुसऱ्याकडे पळायचं, मग तिसऱ्याकडे. सहावं होईपर्यंत पहिलं वाळलेलं असायचं.

"मोठा अपघात झाला की एकाच जखमीपाशी बसतात का?" धापा टाकत ती म्हणाली. "आधी सगळ्यांना हात लावायचा. हो बाजूला."

त्या धावपळीत पांढरा रंग थापायला तिला सवडच नव्हती. फुलांच्या जागी कागद कोरा राहिला आणि बहर दिसू लागला.

मेतोदीनं ट्रॅक्टरवर बसवून मास्तरांना आणलं. ते एकेका फळीपाशी वाकून खूप वेळ बघत राहिले.

"हे मी शिकवलेलं नाही."

"चुकतंय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मला एक खुर्ची द्या. मी इथेच बसतो."

आठव्या दिवशी डोंगरावरून वारा सुटला, मागोमाग पाऊस. एकोणतीस झाडं काढून झाली होती. मेतोदी ताडपत्री घेऊन धावला आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. "रस्त्याकडचं कर. बाबांनी लावलेलं." भिजत भिजत दोन झाली. मग पाकळ्या ओल्या कागदावरच चिकटायला लागल्या.

"सहा राहिली," ती म्हणाली. रात्री जेवतानाही तेच.

शरदात झाडं पडली. तिनं स्वतः लाकडं रचली, कुणाला हात लावू दिला नाही. संस्कृतीघरात एकतीस चित्रं लागली तेव्हा मेतोदी भिंतीपाशी टोपी काढून उभा होता. "हे वाकडं, बर्फानं मोडलेलं. हे कडवट फळाचं." एकही चुकला नाही. मग हळूच म्हणाला, "ती सहा आठवणीतून काढ ना."

हिवाळाभर दोघं स्वयंपाकघरात बसली. तो सांगायचा, ती काढायची. "फांदी इतकी वर नव्हती गं!" "तू कधी वर बघितलंस? तू तर फळंच मोजायचास." कागद फाटत, पुन्हा चिकटवले जात. पाच झाडांवर दोघांचं एकमत झालं.

सहावं विहिरीजवळचं. तो म्हणतो त्याला दोन खोडं होती, ती म्हणते एकच. परवा मी साखर मागायला गेले तेव्हा टेबलावर त्याची चौदावी प्रत ओली होती आणि दोघं माझ्याकडे वळून एकदमच म्हणाली, "तू सांग, तू बघितलंयस."

मला आठवत नव्हतं. तरी मी दोन म्हटलं; एक म्हटलं असतं तर चित्र तिथंच संपलं असतं. झ्द्राव्कानं रागानं नवा कागद ओढला.