उन्हाळ्यातलं अंतर

खुर्चीवर बसण्याआधी साहेब ती दोन्ही हातांनी हलवून बघायचे. आमच्या घरची खुर्चीसुद्धा त्यांनी हलवून पाहिली, आणि या माणसाला पुन्हा जेवायला बोलवायचं नाही हे माझ्या बायकोने तेव्हाच ठरवून टाकलं. बस दहाला आहे असं सांगितलं तर म्हणायचे, "कोणी पाहिली?" गाव तीन किलोमीटरवर आहे म्हटलं तर, "कोणी मोजलं?" असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. फरक इतकाच की आमचे साहेब आधी सैन्यात होते, तिथे त्यांनी पुरवठ्याचं काम केलं. नंतर नोकरी सोडून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि बरीच वर्षं दिल्लीत बसून सरकारला सल्ला दिला.

एवढं सगळं करून आलेला माणूस देगलूरला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो, हेच मुळात कुणाला पटत नव्हतं. त्यांचं इथे ना शेत, ना सोयरा. रोज सकाळी टोपी घालून निघायचे आणि वाड्या-तांड्यांच्या वाटा पायी तुडवायचे. दर शंभर पावलांना डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचे. कुणी म्हणे, मोठ्या रस्त्यासाठी जमिनी बघतायत. कुणी म्हणे, निवडणुकीला उभे राहणार. आमची बैठक रशीदभाईंच्या शिलाईच्या दुकानात असायची. रशीदभाई मशीन थांबवून म्हणाले, "गुरुजी, बिनकामाचं कोन येवढं चालतंय? कायतरी हाय. तुमी नजर ठिवा."

नजर तर मला ठेवायचीच होती, पण त्याचं कारण मी रशीदभाईंनाही सांगितलं नव्हतं. त्याच दुकानात, ओळख होऊन चार दिवस झाले नसतील, तोच साहेबांनी मला विचारलं होतं, "नाल्याकाठच्या वाडीची शाळा बंद झाली ना? तिथून पुढची शाळा किती लांब?"

"दीड किलोमीटर," मी म्हणालो.

"कोणी मोजलं?"

मोजलं कुणीच नव्हतं. कमी मुलांच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा मी केंद्रशाळेत शिक्षक होतो आणि आमच्या भागाचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. ऐन मे महिना होता. वाडीचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याला पंख्याखाली बसल्या बसल्या विचारलं. तो म्हणाला, "हे काय, नाला वलांडला की आलंच." उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, त्यामुळे तो काही खोटं बोलला नव्हता. मी दीड लिहिलं आणि खाली सही ठोकली. पुढच्या वर्षी वाडीची शाळा बंद झाली.

साहेब नेमके तेच शोधत असतील तर? मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि पेन्शनचे कागद अजून हलायचे होते. म्हणून मीच त्यांना म्हटलं, "सोबत येतो, वाटा दाखवतो." ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग "चला" म्हणाले.

पुढचे दोन महिने आम्ही एकमेकांवर संशय घेत शेजारी शेजारी चाललो. खोटं कशाला सांगू, मजाही यायची. बांधावर बसून ते सैन्यातल्या गोष्टी सांगायचे. "नकाशावर पाण्याचं टाकं दाखवलं होतं, गुरुजी. दिवसभर चालून माणसं तिथवर नेली. टाकं होतं, पाणी नव्हतं. त्या दिवसापासून कागदावरचा माझा विश्वास उडाला."

"आणि दिल्लीत?" मी विचारलं.

ते खिशातले खडे चाचपत उठले आणि चालू लागले.

श्रावणात आम्ही पुढच्या शाळेपासून त्या वाडीवर चालत गेलो. नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. पुलावरून फेरा घ्यावा लागला, आणि साहेबांच्या खड्यांनी तो साडेचार किलोमीटर भरला. वाडीतल्या एका बाईने आम्हाला पाणी दिलं. ती म्हणाली, "पोरगी दुसरीत व्हती. पावसात नाल्याला पानी, आन् फेऱ्यानं जायचं तर लई लांब. मंग बसली घरी. आता माझ्यासंगं निंदायला येती. तिचं गेलं ते गेलं, पर वाडीत धा-बारा लेकरं हायती की. शाळा परत हुईल का, साहेब?"

"अंतर चुकीचं लिहिलं होतं, हे कुणीतरी लिहून दिलं तर विचार करावा लागेल त्यांना," साहेब म्हणाले. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते जास्त लागलं.

परत आल्यावर त्यांनी मला खोलीवर नेलं आणि कुलूपबंद ट्रंक उघडली. आत एक जाड अहवाल होता. लहान शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळाव्यात, अशी शिफारस त्यात होती आणि खाली साहेबांची सही. अहवालामागे आमच्या भागाचे फॉर्म जोडले होते. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"मग मला सोबत कशाला फिरवलं? पाळत ठेवायला?"

"तुम्ही आपणहून सांगता का, ते बघत होतो. आणि पाळत तुम्हीही ठेवत होताच की." ते हसले, मग अहवालातल्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. "तुम्ही निदान बाजाराला आलेल्या एका माणसाला तरी विचारलंत, गुरुजी, वाडीतच कळलं मला. मी तेवढंही केलं नाही. समोर आलेल्या आकड्यावर सही केली."

त्यांनी अर्ज टाइप करून ठेवला होता. अंतर चुकलं, खरं अंतर हे, शाळा पुन्हा सुरू करावी. खाली दोन नावं होती. त्यांची सही झालेली होती, माझ्या नावावरची जागा मोकळी होती. मी म्हणालो, "पेन्शनचं मार्गी लागू द्या, मग बघू."

"बघा," म्हणाले, आणि अर्ज माझ्या हातात दिला.

दसऱ्याच्या सुमारास ते उपचारासाठी पुण्याला गेले. अधूनमधून फोन करायचे, पावसाचं विचारायचे, रशीदभाईंचं विचारायचे. अर्जाचं एकदाही विचारलं नाही. वाटायचं, ही पण यांची परीक्षाच. मी चिडून फोन लवकर ठेवायचो. माझी पेन्शन सुरू झाली, तरी अर्ज कपाटातच होता.

संक्रांतीनंतर एका सकाळी रशीदभाई घरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, "साहेब गेले, गुरुजी." मी रडलो. इतका रडलो की बायको घाबरली. माझ्याविषयी सगळं ठाऊक असूनही जो रोज माझ्या शेजारी चालला, त्याला मी सहा महिने एका सहीसाठी ताटकळत ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सही केली आणि नांदेडला जिल्हा परिषदेत जाऊन अर्ज दिला. परवा तिथेच चौकशी होती. अर्जदारांनी समक्ष हजर राहावं, असं पत्र आलं होतं. वाडीची माणसं टेम्पो करून आली होती, बाहेर व्हरांड्यात बसली होती. कारकुनाने साहेबांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि माझं नाव पुकारलं. मी एकटाच आत गेलो आणि त्या मे महिन्यापासून सगळं सांगितलं.