उंबऱ्याबाहेरचे हात

"आदी अंगाला इचार, मग हात लाव," असं नाथाजी वस्ताद सारखं म्हणायचे.

वडूजच्या अलीकडच्या त्यांच्या गावात तालमीची माती कधीच सुकून गेली होती. पैलवान उरले नव्हते. तरी वस्तादांच्या सोप्यातल्या बाकड्यावर माणसं यायचीच. पूर्वी कुस्तीत मुरगळलेले खांदे यायचे, आता मोबाईलवर वाकून आखडलेल्या माना येऊ लागल्या. वस्ताद करडईचं तेल कोमट करत, डोळे मिटत आणि त्यांची बोटं मानेवरून अशी फिरत, जसं ओळखीच्या घरात कुणी अंधारात चालावं. एखादी मान नको म्हणाली, तर तेल पुसून ते माणसाला माघारी पाठवत.

त्यांची सून रेश्मा हे रोज बघायची. नवरा शिवतेज फौजेत. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरात बसून करायची. कॉटवर उशी, उशीवर लॅपटॉप आणि त्यावर दिवसभर झुकलेली ती. सुगीच्या दिवसांत तिची मान धरली. कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं.

"आत्ती, मिरजेला दाखवू या का?"

"मिरजेला कशाला? घरात वस्ताद हाय," सासूबाई, सुलाबाई, म्हणाल्या आणि त्यांनीच जीभ चावली. सासऱ्यानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो.

मग वस्तादांनीच वाट काढली. ते उंबऱ्याबाहेर पाठ करून बसले आणि आत सुलाबाईंचे हात चालू लागले.

"खांद्याच्या वर अंगठा ठेव. गाठ लागली?"

"लागली वो. चिंचोक्यायवढी हाय."

"दाब. आता मान डावीकडं वळव. वळती का?"

"वळती जरा."

"मग दे एक हिसका."

"आवं, पोरगी अंग चोरतीया."

"तालमीत समदीच चोरत्यात. दे!"

कट्‌ असा आवाज झाला. रेश्मा ओरडलीसुद्धा नाही. मानेतून मुंग्यांची रांग उजव्या हातात उतरली आणि अंगठा नि शेजारचं बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं झालं.

मिरजेच्या दवाखान्यात कळलं, मणक्यातली गादी सरकून शीर दबली होती. व्यायाम शिकवणाऱ्या गुणमालाताईंनी विचारलं, "हिसका कुणी दिला?"

सुलाबाईंचा चेहरा पडला. वस्ताद पुढं झाले. "म्या."

"तुम्ही मान हातात धरली होती?"

"न्हाई. त्योच घोटाळा झाला."

ताईंनी रेश्माला भिंतीला पाठ लावून उभं केलं. हनुवटी मागं ओढायची, पाठीची पाती जवळ आणायची, लॅपटॉप डोळ्यांसमोर उंचावर ठेवायचा. चोळायचं ते फुलासारखं, हिसका कधीच नाही.

"बोटं येतील का?" वस्तादांनी विचारलं.

"थोडी येतील, बाबा. सगळी येतील असं मी म्हणणार नाही."

उन्हाळा लागला. दुखणं गेलं, पण मान ताठच राहिली, बोटांतली ताकद आली नाही. हातातून कप निसटायचा. कंपनीनं दुसरी मुलगी घेतली. वस्तादांनी बाकडं परसात नेऊन उभं केलं. दारात आलेल्या माणसांना सुलाबाईच माघारी लावत.

एका सकाळी रेश्माचा व्यायाम चालला होता. वस्ताद नेहमीसारखे सोप्यात होते. तिला वाटलं, काही कळलंच तर याच हातांना कळेल. ती बाहेर आली, त्यांच्याकडं पाठ करून पायरीवर बसली आणि वेणी पुढं घेतली.

"मामा, एकदा तुमी बघा. गाव काय म्हणायचं ते म्हणू द्या."

दाराआडून सुलाबाई म्हणाल्या, "बघा की वो. आता लाज कुणाची धरायची?"

वस्तादांचा हात मानेपाशी आला. त्याची ऊब तिला जाणवली. मग ऊब मागं सरली.

"माज्या बोटांवर माजाच भरवसा न्हाई, पोरी."

त्यांनी पायताण घातलं आणि ते माळाच्या वाटेला लागले. नुसती मान वळेना, म्हणून रेश्मा पायरीवर सगळीच्या सगळी वळली. वस्तादांचा फेटा बाभळीआड दिसेनासा होईतो ती बघत राहिली. मागं दारात सुलाबाई उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून.