मक्याची मूठ

शेजारच्या पोरानं मोबाईलवर कार्टून लावलं आणि गाण्याच्या सुरुवातीलाच माझ्या वडिलांची हाळी घुमली, "हुर्रर्र... याऽऽ याऽऽ!" इतकी वर्षं झाली, तरी पोरांना अजून तेच गाणं लागतं.

त्या गाण्यासाठी हाळी रेकॉर्ड करायच्या दिवशी मी अप्पांसोबत सांगलीच्या स्टुडिओत होते. भिंतींना गादीसारखं कापड, खिडकी नाही, कोंदट वास. जन्मभर आटपाडीच्या माळावर मेंढरं राखलेले अप्पा माईकपुढं उभे राहिले, पण हाळी देईनात.

"अहो अप्पा, द्या की," गाणं करणारा म्हणाला.

"मोकळ्या हातानं कसं बलवू? एकदा फसली की मेंढरं परत येत न्हाईत."

शेवटी मी खालच्या दुकानातून मूठभर मका आणून त्यांच्या हातात दिला. मग अप्पांनी खणखणीत हाळी दिली, आणि मूठ पुढं धरून बंद दाराकडं बघत राहिले. सगळे हसले. मलाही हसू आलं.

पुढं चरायला माळच उरला नाही. मेंढरं विकली, अप्पाही गेले. हाळी तेवढी घराघरात वाजते.

ती ऐकली की आता मीच दाराकडं बघते. कुणी येत नाही.