ऐनाच्या खुंटांची टेकडी

ठाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत माझ्यात फारसं काही उरायचं नाही. तरी रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधले काका बेल वाजवायचे आणि मी मुकाट्याने बूट घालायचे. बँकेतून रिटायर झालेले काका एकटेच राहत. काकू गेल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर काकूंच्या आठवणीसाठी बकुळ लावली होती. ती उन्हात वाळली. पुढच्या पावसात दुसरी लावली, ती बकऱ्यांनी खाल्ली. तिसरी वणव्यात गेली.

टेकडीवर दर पावसाळ्यात झाडं लावणारा आमचा एक ग्रुप होता. त्या वर्षी ठरलं की जेसीबी आणून सगळी झुडपं साफ करायची आणि ओळीने खड्डे घ्यायचे. काका लगेच तयार झाले. मी त्यांना उतारावर नेऊन एका झुडपापाशी बसवलं.

"काका, हे झुडूप नाही. तोडलेल्या ऐनाचा खुंट आहे. खाली मुळं जुनी, खोल गेलेली. दर वर्षी वणव्यात वरचं जळतं आणि पावसात पुन्हा फुटतं. चार-पाच वर्षं आग लागू दिली नाही तर याचं झाड होईल. त्या करवंदाच्या जाळीत पक्ष्यांनी टाकलेल्या बिया रुजल्यात, काट्यांमुळे बकऱ्या तिथे पोचत नाहीत. आपण जेसीबी लावून हेच उपटणार."

"मग मी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?"

"आग येऊ द्यायची नाही. बाकी त्यालाच करू द्यायचं."

काकांनी खुंटाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "अगं, हिच्या वेळी डॉक्टरही म्हणालेले, आता काही करू नका, जवळ बसा. मला नाही जमलं ते. मी तिला या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरवत राहिलो."



ग्रुपमध्ये खूप वाद झाले. शेवटी अर्धी टेकडी जेसीबीला आणि अर्धी आमच्याकडे, असं ठरलं. पावसाळा संपल्यावर काका आणि मी आमच्या बाजूभोवती वाळलेलं गवत कापून मोकळा पट्टा केला, वणवा अडावा म्हणून. एकेका खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यांच्या गर्दीतले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटले, मुळांचा सगळा जोर त्यांनाच मिळावा म्हणून. काकांचा हात कोयत्यावरच अडायचा. "हाही चांगलाच आहे की गं," म्हणायचे. मग मीच छाटायचे. संध्याकाळी माझ्याच्याने पोळपाट-लाटणं उचलवत नसे.

होळीच्या सुमारास वणवा आला. पट्ट्यापाशी बराचसा थांबला, एक कोपरा मात्र गेला. जेसीबीच्या बाजूची माती आदल्या पावसातच वाहून गेली होती, तिथली रोपं वणव्याआधीच वाळलेली. मी बरोबर ठरले होते, पण पाऊस संपल्यावर त्या रोपांसाठी लोकांनी रांग लावून पाणी वर नेलेलं मी पाहिलं होतं. आनंद वगैरे झाला नाही.

पुढच्या मीटिंगला पुन्हा जेसीबीचाच विषय. कोणीतरी म्हणालं, "देणगीदारांना फोटो लागतात हो, खुंटाचा काय फोटो काढणार?" मी वाद घालायचा कंटाळा येऊन गप्प बसले होते. काका उभे राहिले. एवढंच म्हणाले, "आमच्या बाजूला हात लावू नका. मी तिथे बसायला जातो." त्या बाजूचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आता काकांचे गुडघे गेलेत. ते पायथ्याच्या कट्ट्यावर बसतात. पट्टा मीच कापते, कधी माझे विद्यार्थी येतात, बहुतेक वेळा परीक्षा असतात. जळलेल्या कोपऱ्यातले खुंट पुन्हा फुटलेत. झाडं केवढी झाली, असं लोक विचारतात. माझ्या खांद्याएवढी, मी सांगते. लोकांना ते फारच कमी वाटतं.