फ्यूज माझ्या खिशात आहे

आमचे दाजी गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टीम बसवतात आणि दिवसभर घाबरतात. डिकीच्या तळाला एक स्क्रू मारायचा तरी आधी गाडीखाली आडवे होतात, टॉर्च मारून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघतात, बाहेर येतात आणि खात्री पटली नाही म्हणून पुन्हा आत सरकतात. शेजारीच माझं सीट कव्हरचं दुकान.

"दाजी, टाकी जागेवर आहे ना? की पाय मोकळे करायला गेली?"

"हसा मेव्हणे. तुमचा हात चुकला तर सुई टोचते. माझा चुकला तर गाडी पेटते."

ॲम्प्लिफायरला बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत करंगळीएवढी जाड लाल तार ओढावी लागते. ती इंजिनमागच्या पत्र्यातल्या भोकातून आत येते. भोकाला रबरी कडं बसवावं लागतं, नाहीतर पत्र्याची धार तार सोलून काढते. आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा, म्हणजे सोललेली तार पत्र्याला टेकलीच तर तो उडेल आणि आग टळेल. हा फ्यूज दाजी सगळ्यात शेवटी लावतात. तोवर तो त्यांच्या शर्टाच्या खिशात. फ्यूज खिशात म्हणजे तार मेलेली, हा त्यांचा हिशेब.

विजेखालोखाल ते सासऱ्यांना भितात. कदाचित क्रम उलटाही असेल.

सासरे म्हणजे माझे आप्पा. पोस्टातून रिटायर झालेले, पण स्वतःला अर्धे वायरमन समजतात. घरातला फ्यूज उडाला की तांब्याच्या तारेचे चार वेढे मारून मोकळे. त्या दिवशी त्यांच्याच गाडीला ॲम्प्लिफायर बसत होता. ताई आणि भाची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला तयार होऊन मागे बसल्या होत्या, आणि आप्पा बॉनेटपाशी उभे.

"जावईबापू, एवढ्या वेळात लोक अख्खी गाडी बनवतात."

"झालंच आप्पा. कडं जरा सैल होतंय. दुसरं आणतो, पाच मिनिटांत." दाजी मान खाली घालून स्पेअर पार्टच्या दुकानाकडे पळाले.

चौथ्या मिनिटाला गाणं दणाणलं. माझ्या दुकानाची काच थरथरली. आप्पांनी बॉनेट आपटलं, मी अंगठा दाखवला, गाडी गेली.

दाजी कडं घेऊन आले तेव्हा तिथे फक्त ऑइलचा डाग होता.

"मस्त वाजत होतं हो," मी म्हणालो.

"वाजत होतं?" त्यांनी खिसा चाचपला. फ्यूज बाहेर काढून तळहातावर धरला. "मेव्हणे, फ्यूज इथं आहे. मग ते वाजत कशावर होतं?"

मला चिमटीत तार धरलेले आप्पा डोळ्यांसमोर दिसले. ओठांवर आलेली कोटी तिथेच सुकली.

ताईला फोन लावला. वाजून बंद. पुन्हा लावला. दाजींनी काम इतकं चोख केलं होतं की त्या आवाजात फोन कुणाला ऐकू येणार! मी स्कूटर काढली. मागे बसून दाजी माझा खांदा दाबत होते आणि एकच विचारत होते, "धूर दिसतोय का? पुढं बघा, धूर दिसतोय का?" पुढच्या प्रत्येक ट्रकचा धूर मला आमच्याच गाडीचा वाटला. एका वळणावर तर मी डोळेच मिटले, जे स्कूटर चालवताना करू नये.

आधी गाणं ऐकू आलं. मग गाडी दिसली. पेट्रोल पंपाच्या रांगेत दुसरा नंबर.

स्कूटर थांबायच्या आत दाजींनी उडी टाकली. "बंद करा! उतरा! सगळे खाली उतरा!"

आप्पांनी काच खाली केली. "अहो जावईबापू, लोक बघतायत..."

"आप्पा, खाली उतरा!"

लग्नाला नऊ वर्षं झाली. एवढ्या आवाजात दाजी आप्पांशी कधी बोलले नव्हते. आप्पा उतरले. दाजींनी भाचीला उचलून माझ्याकडे दिलं आणि बॉनेट उघडलं. पत्र्याच्या भोकापाशी लाल प्लास्टिक सोललं गेलं होतं, आतलं तांबं चमकत होतं. पत्रा आणि तांबं यांच्यात नखाएवढं अंतर. दाजींनी पान्याने बॅटरीवरून तार सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, वर आणखी टेप गुंडाळली.

"घरी तर मी कायम तारच लावतो," आप्पा हळूच म्हणाले.

"घर खड्ड्यांतून धावत नाही, आप्पा."

धोका संपला होता. हे दाजी सोडून सगळ्यांना पटलं. त्यांनी आप्पांना रिक्षात बसवलं, भाचीला माझ्या स्कूटरवर, आणि ताईला म्हणाले, "तूही रिक्षाने जा. गाडी मी एकटा आणतो."

"का? तार काढलीत ना?"

"काढली."

"मग?"

दाजींनी बॉनेट पुन्हा उघडून टेप चाचपली. शेवटी ते स्टिअरिंगपुढे बसले. ताईने दार उघडलं, त्यांच्या शेजारी बसली आणि पट्टा लावला. मग ती गाडी वीसच्या वेगाने निघाली, सगळ्या काचा उघड्या, आत चकार आवाज नाही. मी मागून स्कूटर चालवत होतो आणि भाचीला दर मिनिटाला विचारत होतो, "बघ गं, धूर दिसतोय का?"