पान तेरा, पान पंधरा

माझ्या मोठ्या जाऊबाई विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रासमोर झेरॉक्सच्या दुकानात काम करतात. बावीस वर्षं झाली. दूरशिक्षणाच्या शेकडो पदव्या मशीनमधून गरम गरम निघाल्या आणि त्यांनी त्या लोकांच्या हातात दिल्या. त्यांची स्वतःची शाळा आठवीत सुटली. सुटली कसली, वडिलांनी सोडवली.

केंद्राची माहितीपुस्तिका दरवर्षी त्याच छापतात, आणि छापता छापता वाचतात. त्यामुळे गल्लीत कुणाला शिकायचं असलं की आमच्या ओट्यावर येऊन बसतं. नोकरी आहे? मग पुस्तकं टपालानं मागवा. समोर शिक्षक लागतो? शनिवार-रविवारचे वर्ग घ्या. नेट बरं आहे? ऑनलाइन करा. सगळं वर्ष एकदम झेपत नसेल तर एकेक विषय उचला. हे सगळं जाऊबाईंना तोंडपाठ!

यंदा त्या म्हणाल्या, "आता माझा अर्ज."

भावोजी हसले. "या वयात इतिहास शिकणार? आपणच इतिहासजमा व्हायची वेळ आली."

"म्हणूनच लवकर समजेल," जाऊबाई म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. त्यांचा राग नाकावर असतो, म्हणून मी सोबत गेले.

खिडकीतल्या नव्या कारकुनानं अर्ज वरवर पाहिला. "शाळेचं प्रमाणपत्र नाही? मग पदवीला प्रवेश नाही. शिवणाचा छोटा कोर्स घ्या, बाई. तुम्हाला बरा पडेल."

"शिवण मला येतं. इतिहास येत नाही, म्हणून आले. प्रमाणपत्र नसलेल्यांना आधी सहा महिन्यांचा पूर्वतयारी वर्ग असतो. पान चौदा बघा."

त्यानं पुस्तिका फिरवून समोर टाकली. "दाखवा बरं."

पान तेरा होतं, एकाच बाजूला छापलेलं. पुढचं पान पंधरा. जाऊबाईंनी तीनदा उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला कळेना. त्या हळूच म्हणाल्या, "मूळ कागद दमट होते गं. मशीननं दोन पानं एकदम ओढली. मी आधी सुटी करून घेतली नाहीत." म्हणजे यंदाच्या सगळ्या पुस्तिका चौदाव्या पानाशिवायच गेल्या होत्या, आणि त्या त्यांनीच काढल्या होत्या.

मी कोपर मारलं. गप्प बसून मूळ प्रत मागितली असती तर काम झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करणार नाहीत त्या आमच्या जाऊबाई कसल्या! "चूक माझी आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कपाटातली मूळ प्रत काढा."

"साहेब रजेवर आहेत."

"कपाट तर रजेवर नाही ना?"

मागची रांग हसली. कारकून कुरकुरत उठला. मूळ प्रतीत चौदावं पान जागच्या जागी होतं. ते पाहून त्यालाच चेव आला. "म्हणजे तुमच्यामुळे मी इतक्या लोकांना परत पाठवलं!"

"माझ्यामुळेच. आणि तुम्ही महिनाभर तेराच्या पुढे पंधरा वाचत बसलात, ते कुणामुळे? किती जण परत गेले?"

चौकशीच्या वहीत एकवीस नावं होती, प्रत्येकापुढे 'अपात्र' आणि फोन नंबर. फोन करायला त्यानं साफ नकार दिला. ते त्याचं काम नव्हे म्हणे. मग वही जाऊबाईंनी ओढून घेतली, अकरा नावं मला दिली आणि आम्ही दोघी व्हरांड्यात फोन लावत बसलो. कुणी उचललं नाही, कुणी रागावलं. एक जण म्हणाली, "आता राहू दे, मनच उडालं." जाऊबाई तिच्यावर खेकसल्या, "मन नंतर आणा, आधी तुम्ही या! पाचच्या आत!"

दुपारनंतर माणसं येऊ लागली. एक रखवालदार, एक परिचारिका, पीठ अंगावर घेऊनच आलेला बेकरीवाला. जाऊबाई पुन्हा खिडकीशी पहिल्या उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पुढे घालू लागल्या.

"अहो, आधी तुमचा देऊन टाका," मी रडकुंडीला आले. "पाच वाजले तर वर्ष जाईल तुमचं!"

"जाऊ दे. यांचं माझ्यामुळे जात होतं."

खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा संताप आला आणि अभिमानही वाटला. यायचे ते तेरा जण आले. शेवटचा अर्ज आत गेला तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. कारकुनानं खिडकीची फळी धरली. "वेळ संपली."

जाऊबाईंनी दोन्ही कोपरं खिडकीत रोवली. "सकाळी अकरापासून मी इथे आहे. हे सगळे साक्षीला आहेत. फळी पाडायची तर माझ्या हातांवर पाडा."

रखवालदार येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. मग परिचारिका, मग बेकरीवाला. कुणी हललं नाही. कारकुनानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, फळी सोडली आणि हात पुढे केला.

"पूर्वतयारीनंतर एकच विषय घेणार की पूर्ण वर्ष?"

"पूर्ण," जाऊबाई म्हणाल्या.